चौकीतील फायर अलार्म रिपीटर पॅनेल: ताब्यात घेण्यापूर्वी काय तपासावे?

देखभाल_कक्ष

नमस्कार मंडळी,

आमच्या संकुलातील फायर अलार्मचे मुख्य पॅनेल तळघरातील विद्युत कक्षात आहे. इमारत बांधताना सगळ्या केबल तिथे येत होत्या, म्हणून पॅनेलही तिथेच बसले असावे. परिणाम असा होतो की अलार्म झाला की फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला हूटर ऐकू येतो, पण सूचना कोणत्या मजल्यावरून आली आहे हे समजण्यासाठी कोणाला तरी तळघरात उतरावे लागते. अग्निशमन दल आले तरी त्यांनाही आधी तळघराचाच रस्ता दाखवावा लागेल. म्हणून चौकीत रिपीटर पॅनेल, म्हणजे मुख्य पॅनेलवरची सूचना तिथेही दाखवणारे पॅनेल, बसवायचे ठरले. ठेकेदाराने काम पूर्ण झाल्याचे कळवले आहे, परंतु आम्ही ते अजून ताब्यात घेतलेले नाही.

यंत्रणा अ‍ॅड्रेसेबल आहे, म्हणजे सूचना नेमकी कोणत्या डिटेक्टरची हे पॅनेलला कळते. रिपीटरला पडदा, बझर, चावीचा स्विच आणि सायलेन्स, रिसेट व इव्हॅक्युएट अशी बटणे आहेत. मुख्य पॅनेलपासून चौकीपर्यंत केबलची लांबी सुमारे २५० मीटर आहे. एकाच केबलमध्ये दोन जोड्या आहेत. एका जोडीवरून आरएस-४८५ या दोन तारांवरील संदेशपद्धतीने डेटा जातो आणि दुसरीवरून २४ व्होल्टचा पुरवठा. सर्व तारा ०.५ चौरस मिलिमीटरच्या आहेत.

अडचण अशी की दिवसातून अधूनमधून रिपीटरवर कम्युनिकेशन फॉल्ट येतो आणि थोड्या वेळाने आपोआप जातो. रात्री तो क्वचितच येतो. ठेकेदाराचे म्हणणे असे की सुरुवातीला असे होते, पुढे ते स्थिरावते. आम्हाला हे पटलेले नाही. शिवाय चौकीतील रक्षकाला रिसेटचा अधिकार द्यावा की नाही, यावर आमच्या समितीत दोन तट पडले आहेत. काम स्वीकारण्यापूर्वी कोणत्या चाचण्या करून घ्याव्यात, हेही जाणकारांनी सांगावे.

तांब्याची_तार

काम ताब्यात घेतलेले नाही, हे फार चांगले केले. तारांचा दोष काळाने स्थिरावत नाही. तो वाढतो, किंवा नेमका तपासणीच्या दिवशी लपतो.

आधी एक मूलभूत गोष्ट समितीसमोर स्पष्ट करावी. रिपीटर हे दुसरे पॅनेल नव्हे. त्याला स्वतःचा एकही डिटेक्टर जोडलेला नसतो. मुख्य पॅनेलने पाठवलेला मजकूर तो दाखवतो आणि आपल्या बटणांचे आदेश मुख्य पॅनेलकडे पोचवतो. त्यामुळे डेटाची तार तुटल्यावर तो काय दाखवतो, हा पहिला प्रश्न असला पाहिजे. मागे तार निखळलेली आहे, पुढे हिरवा दिवा चालू आहे आणि पडद्यावर ‘सिस्टिम नॉर्मल’ असे अक्षर स्थिर आहे, असे रिपीटर नसलेलेच बरे, कारण ते नसेल तर माणूस निदान तळघरात जाऊन पाहतो. युरोपातील ईएन ५४-२ या मानकात दोषाची सूचना १०० सेकंदांच्या आत पॅनेलवर आली पाहिजे, अशी अट आहे. तुमच्याकडे कोणतेही मानक लागू असो, चाचणीसाठी ही मर्यादा धरून चालायला हरकत नाही. डेटाची एक तार टर्मिनलमधून काढावी आणि घड्याळ लावावे. रिपीटरने संपर्क तुटल्याचे सांगितले पाहिजे आणि मुख्य पॅनेलनेही रिपीटर हरवल्याचे सांगितले पाहिजे. दोहोंपैकी एका ठिकाणी जरी सूचना आली नाही, तर पुढची चर्चा थांबवून कॉन्फिगरेशन दुरुस्त करून घ्यावे.

आता तुमच्या फॉल्टविषयी. आरएस-४८५ ची जोडणी एका सरळ रांगेत असावी लागते: मुख्य पॅनेल, मग पहिला रिपीटर, मग दुसरा. मध्येच जॉइंट काढून फाटा नेला, तर त्या फाट्याच्या टोकावरून संदेश परावर्तित होतो आणि मूळ संदेशात मिसळतो. टोकांवरूनही असे परावर्तन होऊ नये म्हणून रांगेच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, १२० ओहमचा रेझिस्टर लागतो. लांबीची अडचण म्हणाल तर ती नाही, कारण कमी वेगाच्या डेटासाठी हा मार्ग १२०० मीटरपर्यंत चालतो.

पुढील बाबी पाहून कळवा. डेटाच्या जोडीला पीळ आहे का? शील्डची (तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाची) तार कोणत्या टोकाला अर्थ केली, म्हणजे जमिनीशी जोडली आहे? ए आणि बी या टर्मिनलांची नावे सर्व उत्पादक सारख्याच अर्थाने वापरत नाहीत. त्यामुळे मुख्य पॅनेल आणि रिपीटर वेगवेगळ्या घराण्यांतले असतील, तर नावावर न जाता दोन्हींच्या माहितीपुस्तिकेतील धन-ऋण खुणा जुळवाव्या लागतात. अर्थात तुमचा संपर्क बहुतांश वेळ टिकतो, म्हणजे ते उलटे झालेले नाही. केबल कोणत्या मार्गाने गेली आहे, हेही सांगा.

शेवटी एक मोजणी करा. दोन्ही पॅनेलचा मुख्य पुरवठा आणि बॅटऱ्या काढून ठेवा, आणि डेटाच्या दोन तारांमधला रेझिस्टन्स आधी तळघरात व नंतर चौकीत मोजा. पुरवठा चालू असताना मोजलेल्या आकड्याला अर्थ नसतो. दोन रेझिस्टर समांतर असल्याने आकडा साठच्या थोडा वर यायला हवा. आणि हो, यंत्रणा बंद राहील तेवढ्या वेळापुरती इमारतीत फिरती गस्त ठेवा व तशी नोंद करा.

रात्रपाळी

तारांविषयी वर लिहिले गेलेच आहे. मी चौकीच्या आतल्या बाजूने लिहितो, कारण सुरक्षारक्षकांची रात्रपाळी सांभाळणे हे माझे काम आहे.

आमचे लोक तीन बटणांत गल्लत करतात आणि तो दोष त्यांचा नसतो. बटणे एकमेकांना चिकटून असतात व तिन्ही दाबल्यावर काहीतरी शांत होते. बझर म्यूट केल्याने फक्त पॅनेलची स्वतःची पिपाणी थांबते, इमारतीतले हूटर वाजतच राहतात. सायलेन्स केल्याने हूटर थांबतात, पण अलार्मची अवस्था पॅनेलमध्ये तशीच राहते, लाल दिवा व मजकूर जात नाही. रिसेट केल्याने पॅनेल सगळे विसरून नव्याने पाहणी सुरू करते. डिटेक्टरमध्ये अजून धूर असेल किंवा काच फोडायचा कॉल पॉइंट चावीने पूर्ववत केलेला नसेल, तर काही क्षणांत अलार्म पुन्हा येतो, आणि मग घाबरलेला माणूस पुन्हा पुन्हा रिसेट दाबत राहतो. दरम्यान पडद्यावर आधी कोणता डिटेक्टर पेटला होता, हे पुसले जाते.

आग पसरली की धूर चार मजल्यांवर जातो आणि पडद्यावर सूचनांची रांग लागते. शोध घेणाऱ्याला त्यातली पहिली सूचना हवी असते, कारण उगम बहुधा तिथे असतो. म्हणून रक्षकाने बझर म्यूट करावा, पहिली ओळ व तिची वेळ कागदावर लिहावी, बाण दाबून पुढच्या ओळी पाहाव्यात आणि मग वॉकीटॉकीवर मजला सांगावा. हा क्रम आम्ही पॅनेलच्या शेजारी मोठ्या अक्षरांत लावतो.

अधिकाराविषयी माझे मत: रक्षकाला इव्हॅक्युएट आणि सायलेन्स द्यावे, रिसेट देऊ नये.

जुनी_फेज

‘रात्रपाळी’ यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. चौकीत फक्त दाखवणारा पडदा असावा, एकही आदेश तिथून जाऊ नये. कारण सरळ आहे. चौकीत दिवसभर निरोपे, वाहनचालक, पाहुणे यांची ये-जा असते. चावीचा स्विच बसवला तरी ती चावी आठवडाभरात स्विचमध्येच लटकलेली सापडते, कारण ती शोधत बसण्यापेक्षा तिथेच ठेवणे सगळ्यांना सोयीचे वाटते. सायलेन्सचे बटण दिले की खरी खातरजमा होण्यापूर्वी आवाज बंद करण्याचा मोह होतो. रहिवासी फोन करून ओरडत असतात, आणि त्या दडपणाखाली रक्षक बटण दाबतो. तळघरापर्यंत चालत जावे लागणे, हीच अनेकदा खातरजमेची वेळ असते.

रात्रपाळी

चावी लटकलेली सापडते, हे मान्य. म्हणूनच शक्य असेल तिथे चावीऐवजी आकडी संकेत वापरावा आणि ठरावीक वेळाने पडदा आपोआप कुलूपबंद होईल अशी मांडणी करून घ्यावी. पण आदेशच नको, हे पटत नाही. चौकीतल्या माणसाला समोरच्या खिडकीतून ज्वाळा दिसत असतील आणि एकाच डिटेक्टरने सूचना दिल्यामुळे यंत्रणा अजून पडताळणीच्या विलंबात असेल, तर पूर्ण इमारतीचे हूटर त्याने कसे वाजवावेत? त्याच्याजवळ कॉल पॉइंट असेल तर ठीक आहे. नसेल तर इव्हॅक्युएटचे बटण त्याच्या हाताशी असलेच पाहिजे.

तांब्याची_तार

दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण उत्तर इमारतीनुसार बदलते. ईएन ५४-२ मध्ये हाताळणीच्या चार पायऱ्या आहेत: पहिलीवर कोणीही पाहू शकतो, दुसरीवर चावी किंवा संकेत असलेला प्रशिक्षित माणूस आदेश देतो, तिसरीवर कॉन्फिगरेशन बदलते आणि चौथी दुरुस्तीची. प्रश्न दुसऱ्या पायरीचा आहे. अनेक पॅनेलमध्ये प्रत्येक रिपीटरसाठी कोणती बटणे चालू ठेवायची, हे वेगवेगळे ठरवता येते. ते येत असेल, तर चौकीत इव्हॅक्युएट चालू, सायलेन्स संकेतानंतर चालू आणि रिसेट बंद, ही मांडणी मला योग्य वाटते. रिसेट तळघरात राहू द्यावा आणि तो करणाऱ्याने जागा प्रत्यक्ष पाहिलेली असावी. डिटेक्टर किंवा झोन (इमारतीचा एक विभाग) बंद करून ठेवण्याची सोय मात्र कोणत्याही रिपीटरवर देऊ नये. बंद केलेला झोन विसरला जातो, आणि पिवळा दिवा काही दिवसांनी भिंतीचा भाग होऊन जातो.

समितीने आणखी एक गोष्ट ठेकेदाराला विचारावी: चौकीत बझर म्यूट केला, तर तळघरातील बझरही थांबतो का? काही यंत्रणांमध्ये एकाने स्वीकारले म्हणजे सर्वांनी स्वीकारले असे धरले जाते, काहींमध्ये प्रत्येक पॅनेलने वेगळे स्वीकारावे लागते. रात्री तळघरात कोणी नसते, त्यामुळे तुमच्याकडे पहिली पद्धत चालेल. पण उद्या दुसरा रिपीटर दुसऱ्या प्रवेशद्वारी बसला, तर एका चौकीने म्यूट केल्यामुळे दुसऱ्या चौकीला काहीच कळू नये, असे होता कामा नये.

देखभाल_कक्ष

सर्वांचे आभार. मोजणी करून घेतली. गस्तही ठेवली होती.

तळघरात डेटाच्या दोन तारांमध्ये ४७ ओहम मिळाले आणि चौकीत ४२. मीटर दोन्ही वेळी एकच होता. जोडीला पीळ आहे. शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेली आढळली. केबलचा मार्ग पाहिला, तेव्हा असे दिसले की तळघरातील बराच पल्ला ती लिफ्टच्या पॉवर केबलच्या ट्रेमधूनच गेली आहे. मधे कुठेही जॉइंट नाही, असे ठेकेदार सांगतो.

तांब्याची_तार

या दोन आकड्यांनी जवळजवळ सगळे सांगितले.

०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे ३६ ओहम असतो. जाऊन-येऊन ५०० मीटर, म्हणजे १८ ओहम केबलचेच. दोन्ही टोकांना एकेकच १२० ओहम असता, तर कोणत्याही टोकाला १२० आणि १३८ हे समांतर मिळून ६४ च्या आसपास आकडा दिसायला हवा होता, आणि तो दोन्हीकडे सारखा असता. तुमच्याकडे दोन्ही आकडे कमी आहेत, म्हणजे तिसरा रेझिस्टर कुठेतरी आहे. आणि चौकीतला आकडा अधिक कमी आहे, म्हणजे तो चौकीच्या टोकाला आहे. पडताळून पाहा: चौकीत दोन १२० समांतर म्हणजे ६०, त्याला समांतर केबलसह १३८, उत्तर ४२. तळघरातून पाहिले तर १२० ला समांतर ६० अधिक १८, उत्तर ४७.

रिपीटरचे झाकण उघडा. टर्मिनलच्या स्क्रूखाली तपकिरी-लाल-तपकिरी पट्ट्यांचा रेझिस्टर दाबून बसवलेला दिसेल, आणि शेजारी सर्किट बोर्डवर टर्मिनेशनची छोटी पिनजोडी असेल, जिच्यावर जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) बसलेला असेल. रेझिस्टर बोर्डवरही असतो आणि जंपरने जोडला जातो, हे न पाहता बाहेरून आणखी एक लावणे ही नेहमीची गोष्ट आहे. दोन्हींपैकी एकच ठेवा.

आरएस-४८५ च्या चालकाने, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या भागाने, ५४ ओहमच्या भारावर किमान १.५ व्होल्टचा फरक द्यावा, अशी अपेक्षा असते आणि घेणाऱ्याला ०.२ व्होल्टचा फरक ओळखता आला पाहिजे. जादा रेझिस्टर लावून भार वाढवला की या दोहोंमधली शिल्लक कमी होते. तरीही शांत वातावरणात काम चालते. पण तुमची केबल लिफ्टच्या ट्रेमधून गेली आहे, शील्डची दोन्ही टोके अर्थला जोडल्यामुळे दोन अर्थमधल्या फरकाचा प्रवाह तिच्यातून वाहतो आहे, आणि दिवसा लिफ्ट सतत फिरते. फॉल्ट दिवसा येतो व रात्री क्वचितच येतो, याचा मला लागणारा अर्थ हाच.

क्रम असा ठेवा. जादा रेझिस्टर काढा आणि पुन्हा मोजा. शील्ड चौकीच्या टोकाला सोडवा, उघडे टोक टेपने झाका आणि फक्त मुख्य पॅनेलकडे अर्थ ठेवा; मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळे लिहिले असेल तर ते पाळा. यानंतर फॉल्ट बहुधा थांबेल. पण तो थांबला म्हणून केबलचा मार्ग बदलण्याचे काम सोडून देऊ नका. अलार्मच्या केबलला स्वतंत्र मार्ग हवा, आणि ज्या केबलवर आगीच्या वेळी सूचना अवलंबून आहे ती आगीत काही काळ टिकणारी असावी. लिफ्टच्या पॉवर केबलने पेट घेतला, तर त्याची बातमी देणारी तार त्याच ट्रेमध्ये नसावी.

प्रकाशतंतू

थोडे विषयालगत. चौकी मुख्य इमारतीपासून सुटी असेल आणि केबल जमिनीखालून जात असेल, तर दोन ठिकाणच्या अर्थमधला फरक व वीज कडाडण्याच्या वेळी येणारा दाब, या दोन्हींचा विचार व्हावा. मार्ग तसाही बदलायचाच असेल तर ऑप्टिकल फायबर पाहावे. डेटाच्या मार्गात दोन्ही टोके विद्युतदृष्ट्या वेगळी होतात आणि लिफ्टचा त्रासही संपतो. मात्र दोन्ही टोकांना कन्व्हर्टर लागतात, त्यांना बॅटरीचा आधार असलेला पुरवठा द्यावा लागतो आणि ते तुमच्या पॅनेलशी वापरण्यास उत्पादकाने मान्य केलेले असावे लागतात. शेजारच्या सॉकेटमध्ये खोचलेला अ‍ॅडॉप्टर इथे चालत नाही.

तांब्याची_तार

‘प्रकाशतंतू’ यांची सूचना चांगली आहे, पण फायबरवरून २४ व्होल्ट जात नाहीत, आणि या कामातला मोठा दोष मला डेटापेक्षा पुरवठ्यात दिसतो. तो अजून कोणाला दिसलेला नाही, कारण चाचणी नेहमी वीज असताना होते.

रिपीटरचा शांत अवस्थेतील आणि अलार्ममधील प्रवाह त्याच्या पुस्तिकेत असतो. उदाहरणासाठी शांत अवस्थेत ८० मिलिअँपिअर आणि पडदा उजळून बझर वाजत असताना २५० मिलिअँपिअर धरू. पुरवठ्याच्या जोडीचा रेझिस्टन्सही तोच, १८ ओहम. शांत असताना केबलमध्ये सुमारे १.४ व्होल्ट पडतात, अलार्ममध्ये ४.५. वीज असताना मुख्य पॅनेल बॅटऱ्या चार्ज करत साधारण २७ व्होल्ट देते, म्हणजे चौकीत २२ च्या वर मिळतात आणि सगळे छान दिसते. आता वीज गेली आहे, बॅटऱ्या बरेच तास चालून २१ व्होल्टपर्यंत उतरल्या आहेत, आणि त्या क्षणी अलार्म झाला. चौकीत १६.५ व्होल्ट उरतात. तुमच्या रिपीटरची किमान मर्यादा १८ असेल, तर अलार्म येताच तो बंद पडेल, भार गेल्यामुळे व्होल्टेज वर येईल, तो पुन्हा सुरू होईल, पुन्हा बझर वाजवू पाहील आणि पुन्हा पडेल. आगीच्या वेळीच बंद पडणारे उपकरण ते हेच.

१.५ चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर किलोमीटरला १२.१ ओहम धरून तोच उतार १.५ व्होल्टपर्यंत येतो आणि चौकीत १९.५ मिळतात. त्यामुळे मार्ग बदलताना पुरवठ्यासाठी वेगळी, जाड जोडी घ्यावी. दुसरा पर्याय म्हणजे चौकीतच बॅटरीसह स्वतंत्र, फायर अलार्मसाठी प्रमाणित पुरवठा बसवणे; मग त्या पुरवठ्याचा दोषही मुख्य पॅनेलवर दिसला पाहिजे आणि त्या बॅटऱ्यांची देखभाल कोणीतरी करत राहिली पाहिजे. लोक ही दुसरी गोष्ट विसरतात, म्हणून २५० मीटरसाठी मी जाड तारेच्या बाजूने आहे.

मुख्य पॅनेलच्या बॅटरीचाही हिशेब नव्याने करून मागा. ब्रिटनच्या बीएस ५८३९-१ मध्ये सर्वसाधारण मांडणी २४ तास शांत अवस्था आणि त्यानंतर ३० मिनिटे अलार्म अशी आहे. अमेरिकेच्या एनएफपीए ७२ मध्ये २४ तास आणि ५ मिनिटे. पहिल्या हिशेबाने एका रिपीटरसाठी ०.०८ गुणिले २४ अधिक ०.२५ गुणिले ०.५, म्हणजे सुमारे २.०५ अँपिअर-तास, आणि बॅटरी जुनी होते म्हणून त्याच्या सव्वापट, म्हणजे सुमारे २.६. पॅनेलमध्ये ७ अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या असतील, तर एक रिपीटर त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाटा खातो. ठेकेदाराने बॅटऱ्या न बदलता रिपीटर जोडला असेल, तर हा हिशेब त्याच्याकडे असायला हवा.

रात्रपाळी

बसवण्याच्या जागेविषयी दोन शब्द, कारण आता मार्ग बदलणारच आहे. पडदा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला असावा. जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास ठीक पडते. दार उघडल्यावर त्याच्यामागे तो झाकला जाऊ नये आणि समोरच्या काचेतून ऊन थेट पडद्यावर पडू नये. शेजारी झोनचा नकाशा लावावा, आणि तो चौकीत उभे राहून पाहणाऱ्याच्या दिशेने काढलेला असावा. नकाशात उजवीकडे असलेला जिना प्रत्यक्षात डावीकडे असेल, तर बाहेरून आलेल्या अग्निशमन दलाच्या माणसाचा वेळ जातो.

पडद्यावरचा मजकूरही तपासा. ‘लूप १ डिटेक्टर ०४३’ एवढेच दिसत असेल तर रक्षकाला त्याचा काय उपयोग? ‘तिसरा मजला, पूर्वेकडील जिन्याजवळ’ असे दिसले पाहिजे. काही रिपीटर हा मजकूर मुख्य पॅनेलकडून त्या क्षणी घेतात, काहींमध्ये त्याची प्रत साठवलेली असते. दुसऱ्या प्रकारात मुख्य पॅनेलमध्ये नाव बदलले तरी चौकीत जुनेच दिसत राहते. तुमचा कोणत्या प्रकारचा आहे, हे ठेकेदाराकडून लिहून घ्या.

जुनी_फेज

माझा आक्षेप मी थोडा मागे घेतो. इव्हॅक्युएट द्या. त्या बटणावर झाकण मात्र असू द्या, कोपर लागून ते दाबले जाऊ नये.

देखभाल_कक्ष

कळवण्यास आनंद होतो की रिपीटरमध्ये टर्मिनलखालचा रेझिस्टर आणि जंपर, दोन्ही सापडले. बाहेरचा काढल्यावर दोन्ही टोकांना ६४ ओहम मिळाले. शील्ड एका टोकाला सोडवली. त्यानंतर कम्युनिकेशन फॉल्ट आलेला नाही. समितीने मार्ग बदलण्यास, पुरवठ्यासाठी १.५ चौरस मिलिमीटरची आगरोधक केबल घेण्यास आणि बॅटरीचा लेखी हिशेब मागण्यास मान्यता दिली आहे. चौकीतून रिसेट बंद राहील.

डेटाची तार काढून पाहिली. मुख्य पॅनेलवर फॉल्ट अर्ध्या मिनिटाच्या आत आला. रिपीटरवर मात्र पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान चिन्ह उमटले, बझर वाजला नाही. हे स्वीकारावे का?

तांब्याची_तार

स्वीकारू नका. चौकीतील माणूस त्या कोपऱ्याकडे पाहत बसलेला नसतो. बझर वाजला पाहिजे आणि पिवळा दिवा लागला पाहिजे. बहुतेक वेळा ही कॉन्फिगरेशनमधील निवड असते. नसेल तर रिपीटरच्या फर्मवेअरची (आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती मुख्य पॅनेलशी जुळते का, ते विचारा.

नवीन केबल पडल्यावर अंतिम चाचणी अशी घ्या. मुख्य पॅनेलचा वीजपुरवठा बंद करून ते बॅटरीवर काही तास चालू द्या. मग सर्वात दूरच्या मजल्यावरील एका डिटेक्टरला चाचणीचा धूर द्या आणि सर्व हूटर वाजत असतानाच रिपीटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॅटरी त्या वेळी २१ पर्यंत उतरलेली नसेल, म्हणून मुख्य पॅनेलकडील आकडाही त्याच क्षणी घ्या. दोहोंतला फरक २१ मधून वजा केला की वाईट वेळेचा आकडा हाती येतो. तो पुस्तिकेतील किमान मर्यादेपेक्षा वर हवा. त्याच अवस्थेत चौकीतून सायलेन्स करून पाहा, रिसेट दाबून तो होत नाही याची खात्री करा, आणि दुसऱ्या झोनमधला कॉल पॉइंट चालवून बंद केलेले हूटर पुन्हा वाजतात का ते पाहा. घड्याळही जुळवून घ्या: मुख्य पॅनेल आणि रिपीटर यांच्या वेळेत फरक असेल, तर नंतर घटनाक्रम लावताना वाद होतात.

पुढे दर आठवड्याला एक कॉल पॉइंट, दर वेळी वेगळा, चालवून पाहण्याची बीएस ५८३९-१ मधली पद्धत सुरू ठेवा आणि त्या वेळी वाचन तळघरात न करता चौकीतूनच करा. जो रक्षक पाळीवर असेल त्यानेच पहिली ओळ मोठ्याने वाचावी व नोंदवहीत लिहावी.

देखभाल_कक्ष

ही चाचणी ठेकेदाराच्या स्वीकृतीपत्रात अट म्हणून घातली आहे. बझरविषयी त्यांनी उत्पादकाकडे विचारणा केली आहे. उत्तर येईपर्यंत काम ताब्यात घेतले जाणार नाही आणि चौकीतून तळघरात जाऊन पाहण्याची जुनी पद्धत चालू राहील. व्होल्टेजचे आकडे मिळाले की याच धाग्यावर देतो.